बारावा कागद

"मॅडम, कॉम्प्युटरमधलं पुसलेलं पुन्हा वर काढता येतं का हो?"

कोंढाळकर सरांनी हे विचारलं तेव्हा मी ग्रंथालयाच्या उंबऱ्यात उभी होते. ते कॉम्प्युटरसमोर बसले होते, आणि माझी चाहूल लागताच त्यांनी पडद्यावर उघडलेलं काहीतरी घाईघाईने मिटवलं होतं. तेही मी पाहिलं होतं.

"का बरं? काय पुसलंत?" मी विचारलं.

"छे, पुसलं कुठं. असंच. समजा, प्रिंटरनं काय काय छापलं याची आत कुठं नोंद राहात असंल, तर ती पुसता येती का, आणि पुसली तर कायमची जाती का?"

"हे अचानक कसं काय सुचलं?"

"तुमच्या पत्रकात अजून आलं नाही ना, म्हणून म्हटलं विचारावं," असं म्हणून ते उठले, आणि कपाटातली सरळच असलेली पुस्तकं पुन्हा सरळ करू लागले.

मी "बघून सांगते" म्हणाले आणि बाहेर पडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही, असं मी जिना उतरताना स्वतःशी दोनदा म्हटलं.

ही गोष्ट दोन हजार सातच्या ऑक्टोबरातली. भोरमधल्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवत होते. आता त्या शाळेत मी नाही, एसटी स्टँडसमोर स्वतःचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवते. पण तेव्हा शाळेतली ती जागा माझ्या डोक्यावरचं छप्पर होती, आणि तेही गळकं. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला ती संपली. चार वर्षं असंच चाललं होतं. त्या वर्षी जागेला मान्यता आल्याचं हेडसरांनी सांगितलं होतं, जानेवारीत कायम होण्याची ऑर्डर निघणार होती. अशा वेळी नववीचा भूमितीचा पेपर फुटला.

फुटला म्हणजे काय, तर सहामाहीत नववी ब मधल्या सात मुलांनी भूमितीत जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क घेतले. त्यात दोघं असे होते, की ज्यांना काटकोन दाखव म्हटलं तर ते भिंतीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतील. निगडे सर भूमिती शिकवायचे. त्यांनी पेपर तपासताना डोकं धरलं आणि सातही उत्तरपत्रिका हेडसरांच्या टेबलावर नेऊन आपटल्या. मुलांना बोलावलं. मुलं म्हणाली, "सर, जुन्या पेपरात आलं होतं सगळं." निगडे सर म्हणाले, "अरे, ही सिद्धतेची रायडर्स मी दिवाळीच्या तोंडावर रात्रंदिवस बसून नवी काढली, ती जुन्या पेपरात कुठनं येतील?" जुना पेपर कुठला ते कुणी सांगेना.

जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फायली शाळेत एकाच ठिकाणी असायच्या, ग्रंथालयात. आणि ग्रंथालय म्हणजे दामोदर कोंढाळकर.

हेडसरांनी मला एकटीला बोलावलं. शिळीमकर सर काटकसरी माणूस. इतके, की हातात कुठलाही कागद दिला, अगदी लग्नाची पत्रिका असो, आधी तो उलटा करून मागची बाजू कोरी आहे का ते बघायचे आणि मग वाचायला घ्यायचे. सगळी शाळा त्यांच्या या सवयीला हसायची, पण त्यांच्या पाठीमागे.

"खुटवड मॅडम," ते म्हणाले, "पेपर तिघांनीच पाहिलाय. निगडेंनी लिहिला, तुम्ही टाइप केला, मी कपाटात ठेवला."

"सर, मी टाइप करून पेन ड्राइव्हवर घातला, ऑफिसात आणून तुमच्यासमोर छापला. लॅबमधून प्रिंट निघता निघेना, म्हणून जिने चढउतार करून आले होते. आठवतंय ना?"

"आठवतंय. मी तुमच्यावर संशय घेत नाही. पण संस्थेच्या मीटिंगमध्ये घेतील. जानेवारीत तुमची ऑर्डर निघायची आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी चोर सापडला, तर मला तोंड उघडायची वेळ येणार नाही. मशिनमधलं तुम्हाला कळतं. बघा."

याचा अर्थ न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. चोर सापडला नाही तर चोर मी.

संशय घ्यायला मला कुणी शिकवावं लागत नाही. सासूबाई म्हणायच्या, सुचेता दूध उतू गेलं तरी आधी गवळ्याची चौकशी करील. पण कोंढाळकर सरांवर संशय घ्यायला मलासुद्धा जड गेलं होतं, हे खरं. माणूस तुसडा, कमी बोलणारा, पण माझ्या पत्रकाचा पहिला वाचक.

या पत्रकाचं जरा सांगायला हवं. शाळेत नुकतेच आठ नवे कॉम्प्युटर आले होते, एका वायरने एकमेकांना जोडलेले. ऑफिसात एक प्रिंटर, ग्रंथालयात एक. मास्तर मंडळी मशिनला भिऊन असत. माऊस पुसायला ओलं फडकं घेणारेही होते. म्हणून मी दर सोमवारी एक पानाचं पत्रक काढायचे, मास्तरांना द्यायचे आणि माझ्या तासाला वर्गातही वाटायचे. प्रिंटर अडला तर बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. इंटरनेट गेलं तर कुणाला हाक मारण्याआधी मागची वायर हलवून बघा. पासवर्ड वहीच्या कव्हरवर लिहू नका. असलं साधंसुधं. खाली माझं नाव, संकलन: सौ. सुचेता खुटवड. ते नाव छापताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पत्रकाला नवा कागद वापरायला हेडसरांची परवानगी नव्हती. ते पाठकोऱ्या कागदांवर निघायचं. शाळेत एका बाजूने छापून वाया गेलेला कागद कुणी टाकायचा नाही, तो ग्रंथालयात जमा करायचा. कोंढाळकर सर ते कागद झटकून, टाचण्या काढून, कोरी बाजू वर करून गठ्ठा लावायचे. सोमवारी मी लॅबमधून आज्ञा द्यायची, सरांनी त्यांच्या प्रिंटरमध्ये गठ्ठा घालायचा, आणि पत्रकं तयार. मागच्या बाजूला कुणाची रजेची यादी, कुठलं परिपत्रक, कुठली जुनी प्रश्नपत्रिका. कुणी तिकडे बघायचं नाही.

कोंढाळकर सर प्रत्येक पत्रक वाचायचे आणि दोरीने ओवून ठेवायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बायको एका अंगाने लुळी पडलेली. मधल्या सुट्टीत ते सायकलवरून घरी जायचे, काकूंना भरवायचे आणि घंटेला परत. म्हणून तर संस्थेने त्यांची कधी बदली केली नव्हती. ग्रंथालयातून घर सात मिनिटांवर होतं.

असा माणूस पेपर फोडील? मी आधी नाहीच म्हणत होते. मग त्यांनी तो पुसण्याचा प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याच्या वळणावर उभी होते. मुद्दामच, लपवून काय करू. खाली व्हरांड्यात कोंढाळकर सर नववी ब च्या तृप्ती धुमाळला काहीतरी विचारत होते. ही त्या सातांतली, आणि हुशार. तिने दप्तरातून घडी घातलेला कागद काढून दिला. सरांनी तो उघडला, उलटा केला, पाहिला आणि कापडी पिशवीत टाकला. मग इकडेतिकडे बघितलं.

ते गेल्यावर मी तृप्तीला गाठलं.

"सरांना काय दिलंस गं?"

"काही नाही, मॅडम."

"कागद दिलास तो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर म्हणाले कुणाला सांगू नको. तुमचं नाव घेऊन म्हणाले, खुटवड मॅडमना तर मुळीच नको."

मला आणखी काय हवं होतं? मी तिला जाऊ दिलं. कागद कसला होता हे तिला विचारलंसुद्धा नाही, कारण मला ते माहीतच होतं! हा गडी फुटलेल्या पेपरच्या प्रती गोळा करत होता, पुरावा गिळायला.

त्याच दुपारी, मधल्या सुट्टीत, ते सायकलवर टांग टाकून फाटकाबाहेर पडल्यावर मी ग्रंथालयात शिरले. काकूंना भरवायला गेलेल्या माणसाच्या मागे त्याचं टेबल उचकताना मला लाज वाटली का? वाटली. पण जानेवारी त्या लाजेपेक्षा मोठा होता. मी त्यांचा कॉम्प्युटर उघडला. प्रिंटरच्या नोंदी कुठे असतात ते मला ठाऊक होतं. दहाएक ओळी खाली गेले आणि हात थांबला.

सोमवार, सकाळी दहा चाळीस. कागदाचं नाव: भूमिती नववी. कुठून आला: लॅबमधलं एक नंबरचं मशिन. छापलं: ग्रंथालयाच्या प्रिंटरवर. एकदा नव्हे, लागोपाठ सहा वेळा.

एक नंबरचं मशिन माझं. सोमवारी दहा चाळीसला मी मैदानावर प्रार्थनेला उभी होते, साऱ्या शाळेसमोर. प्रार्थनेला कोण नसायचं? कोंढाळकर सर. ग्रंथालय उघडायचं म्हणून त्यांना सूट होती. लॅबची दुसरी किल्ली ग्रंथालयातल्या खिळ्याला. माझं मशिन त्यांनी उघडलं, माझ्या पेपरची प्रिंट आपल्या प्रिंटरवर घेतली, आणि आता नोंद पुसायला बघत होते. सगळं जागच्या जागी बसलं. मी त्या पडद्याचीच प्रिंट काढली, घडी करून पर्समध्ये घातली आणि हेडसरांकडे गेले.

थेट गेले, वाटेत कुठे थांबले नाही.

सुट्टी संपताच हेडसरांनी त्यांना बोलावलं. मीही तिथेच होते, खिडकीपाशी. निगडे सर खुर्चीत बसलेले. कोंढाळकर सर आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाहीला भात लागलेला होता. हेडसरांनी तो कागद पुढे केला.

"हा पेपर तुमच्या प्रिंटरवर निघाला का?"

सरांनी चष्मा लावला. कागद सावकाश वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखादं पोर उत्तर चुकतं आणि बसायला सांगितलं तरी उभंच राहतं, तेव्हा मास्तर बघतात तसं.

"हो," ते म्हणाले. "माझ्याच प्रिंटरवर."

"आणि पोरांच्या हातात गेला?"

"माझ्या हातनं गेला."

"अहो, पण का?" निगडे सर ओरडलेच. "पैसे घेतले का काय?"

"निगडे, पैशाचं काढू नका," ते शांतपणे म्हणाले. "मी नीट ठेवायला पाहिजे होता, ठेवला नाही. एवढंच लिहा. मी सही करतो."

"प्रिंट दिली कुणी? तुम्हीच ना?" हेडसरांनी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"माझ्या खोलीत जे निघतं त्याचा जबाबदार मी," ते म्हणाले.

त्यांनी सही केली. संस्थेने बोभाटा नको म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवलं. कोंढाळकरांची बदली कुंबळदऱ्याला. ती संस्थेची शाखा, धरणाच्या फुगवट्यापलीकडे, डोंगरात. दिवसाला एक एसटी, तीही आली तर. सात मिनिटांचं घर सुटलं. काकूंना बरोबर न्यायचं ठरलं.

मी जिंकले होते. हेडसर म्हणाले, "मॅडम, शाब्बास." त्या दिवशी मी घरी बासुंदी केली. ती चांगली झाली नाही.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी ते माझ्या लॅबच्या दारात आले. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं.

"हे तुमचं," त्यांनी पुडकं टेबलावर ठेवलं. "मी गेल्यावर सोडा."

पाठ वळली तसा माझा संशय पुन्हा उभा राहिला. काय असेल? माझ्याविरुद्ध काही लिहून ठेवलंय? मुलांच्या नावाने तक्रार? ते जिन्यापर्यंत पोचायच्या आत मी सुतळी तोडली.

आत माझी पत्रकं होती. सोमवारची, पेपरच्या आठवड्यातली. प्रिंटर अडला तर काय करावं, ते पुन्हा एकदा छापलेलं. घड्या पडलेली, एकावर भाजीचा डाग. मोजली तर अकरा. हे मला का परत दिलं, टोमणा म्हणून? मी एक पत्रक उलटं केलं.

मागे भूमितीचा पेपर होता. इयत्ता नववी, सहामाही. निगडे सरांची सगळी रायडर्स.

दुसरं उलटं केलं. तिसरं. अकराच्या अकरा.

मग शनिवार आठवला. सकाळची शाळा, सुटायची घाई. मी लॅबमधून पेपरची प्रिंट दिली, ऑफिसच्या प्रिंटरवर काही निघेना. पुन्हा दिली. चिडून पुन्हा. सहा वेळा. शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन खाली गेले. त्याआधीच्या सोमवारी पत्रक काढताना मी माझ्या मशिनवर ग्रंथालयाचा प्रिंटर कायमचा लावून ठेवला होता आणि परत बदलायला विसरले होते. सहा वेळा, दर वेळी दोन प्रती. बारा कागद शनिवारपासून सोमवारपर्यंत त्या बंद प्रिंटरची वाट बघत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावाला वळसा घातला तो घातला, वर एका माणसाला गावाबाहेर काढलं.

मी धावत खाली गेले. सर ग्रंथालयाच्या किल्ल्या शिपायाच्या हवाली करून सायकलचं कुलूप काढत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हळू बोला," ते म्हणाले. "मी गेल्यावर सोडा म्हटलं होतं ना?"

"कधी कळलं?"

"पेपर झाल्यावर. तृप्ती आली, म्हणाली, सर, पत्रकाच्या मागं आला होता तसला आणखी एक जुना पेपर द्या ना सोडवायला. दाखव म्हटलं. बघितला आणि घाम फुटला. सोमवारी प्रिंटर लावला तर अडकलेला होता. तुमच्या आधीच्या पत्रकातलंच केलं. बंद केला, दहा मोजले, चालू केला. भडाभडा बारा कागद बाहेर आले. वाटलं कुणाची तरी फसलेली प्रिंट. डोळ्यांवर चष्मा नव्हता. झटकले आणि गठ्ठ्यावर ठेवले, कोरी बाजू वर. दुपारी तुम्ही पत्रक काढलंत, त्यानंतरचा तुमचा पहिला तास नववी ब ला होता."

मीच वाटली होती. बाकाबाकावर जाऊन, माझ्या हाताने.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. आधी पोरांकडचे कागद गोळा करावेत, ती नोंद पुसावी, मग सांगावं, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. तुम्हाला विचारलंसुद्धा, पुसता येतं का." त्यांनी कुलूप पिशवीत टाकलं. "तुम्ही मला काहीच विचारलं नाही, मॅडम. थेट वर गेलात."

मला रडू फुटलं. "मी आत्ता जाऊन हेडसरांना सांगते."

"आणि? माझी दोन वर्षं राहिलीत, मी कायम आहे, फार तर बदली. तुम्हाला ते उद्या घरी बसवतील. निम्मी चूक माझी आहेच की. कागद बघून ठेवायचा असतो." ते सायकलवर बसले. "आता गप बसा. तुमच्या काकूंचं आवरायचंय."

मी गप्प बसले. ते सांगत होते म्हणून बसले, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला गप्पच बसायचं होतं. जानेवारीत ऑर्डर आली. मी सगळ्यांना पेढे वाटले.

पण बारा होते आणि माझ्याकडे अकरा. बारावा कुठे गेला?

अकरा मी चुलीत घातले. बाराव्याने मला आठ महिने झोपू दिलं नाही. एका बाजूला पेपर, दुसऱ्या बाजूला माझं नाव. असा कागद ज्याच्या हातात, त्याच्या हातात मी. तृप्ती समोर आली की मी तिच्या दप्तराकडे बघायचे. निगडे सर हसले तरी वाटायचं, याला काही कळलं असेल का? मग हळूहळू एक गोष्ट मनात घर करून बसली. कागद कोंढाळकर सरांनीच ठेवला असणार, मुद्दाम. अकरा देऊन उपकार करायचा आणि बारावा मुठीत ठेवायचा. कधीतरी, काकूंचं दुखणं वाढलं, बदली परत हवी झाली, की तो बाहेर निघेल. ज्या माणसाने माझ्यासाठी घर सोडलं त्याच्यावर मी असा संशय घेत होते. आठ महिने. दुसरं कुणी केलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं?

कुंबळदऱ्याच्या शाळेला हिवाळ्यातच एक कॉम्प्युटर मिळाला होता. पुढच्या जूनमध्ये त्याला फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं, पण ते चालेना. हेडसर म्हणाले, "खुटवड मॅडम, तुम्ही जाऊन या."

एसटीने अडीच तास. शाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक फणसाचं झाड. ओट्यावर खुर्चीत काकू बसल्या होत्या. त्यांनी चांगला हात वर केला. कोंढाळकर सर आतून आले, वाळलेले, पण चेहरा तोच.

"या या. पत्रकातलं सगळं करून बघितलं," ते म्हणाले. "बंद केलं, दहा मोजले, वायर हलवली. तरी लागत नाही."

मी आत गेले आणि जागीच थांबले.

कॉम्प्युटरच्या वर, भिंतीवर, तो होता. बारावा. पत्रकाची बाजू पुढे, पेपरची भिंतीकडे. चार कोपऱ्यांत चार टाचण्या. कडा पोरांच्या बोटांनी काळ्या झालेल्या. ज्या ओळीत प्रिंटरचं होतं तिच्याखाली पेन्सिलने रेघ. खाली माझं नाव.

"हा इथे आहे?" मी विचारलं.

"मग कुठं असणार? इथं पोरांना आणि मला कोण सांगतंय? कपाटातल्या दोरीवरची पत्रकं आणता नाही आली, ती शाळेची. हा एकच पिशवीत राहिला होता, म्हणून ठेवून घेतला."

"मला वाटलं," मी म्हणाले, आणि मग बोलूनच टाकलं, "मला वाटलं माझ्याविरुद्ध वापरायला ठेवलात."

मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही शंका फार घेता. कागद कामाचा आहे, म्हणून लावला."

"हेडसर इथे येतात ना तपासणीला?"

"दोनदा येऊन गेले. ह्याच्या खालीच बसून चहा प्याले."

"आणि उलटून बघितला नाही?"

"मग चार टाचण्या कशाला मारल्यात?" ते म्हणाले, आणि त्यांना एकदम हसू आलं. बाहेर काकूही हसल्या, कशाला ते न कळता.

वायर फोनच्या डबीतून निसटलेली होती. मी ती दाबून बसवली. दोन मिनिटांचं काम. मग मी खुर्चीवर चढले आणि एकेक टाचणी काढू लागले.

"अहो, काय करताय? पोरांना लागतो तो."

"नवा काढून पाठवते सर. दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदावर."

त्यांना कळलं. त्यांनी पुढे होऊन खुर्ची धरली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी हेडसरांच्या खोलीत गेले. निगडे सर हजेरीपत्रक घेऊन उभे होते. मी त्यांना थांबा म्हटलं. कागद टेबलावर ठेवला, माझ्या नावाची बाजू वर.

"काय आहे, मॅडम? जुनं पत्रक दिसतंय तुमचं."

"हो सर. माझंच आहे."

पुढचं वाक्य मी एसटीत अडीच तास पाठ केलं होतं. ते म्हणायची वेळच आली नाही. हेडसरांनी कागद उचलला, आणि वाचायच्या आधी, सवयीने, मागची बाजू कोरी आहे का ते बघायला उलटा केला.